चांगल्या हाताची भवानी

जयराम तळकरने तुयेतल्या आपल्या घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, पाटी लावली, तेव्हा वाटेने जाणाऱ्या निम्म्या माणसांना वाटले की खोल्या भाड्याने द्यायच्या असतील. पेडणे तालुक्यात हल्ली घराबाहेर नवी पाटी लागली की तिचा दुसरा अर्थ होत नाही. जवळ जाऊन ज्यांनी वाचली त्यांनाही फारसा उलगडा झाला नाही. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'औद्योगिक सुरक्षा सल्लागार' असे लिहिले होते. शेजारच्या चंद्रावतीकाकीने विचारले, म्हणजे तू आता वॉचमन पुरवणार काय? जयरामने तिला समजावले की कारखान्यांत अपघात होऊ नयेत म्हणून काय करावे ते मी सांगणार आणि त्याचे पैसे घेणार. काकी म्हणाली, ते तर देव फुकट सांगतो. जयराम हसला. त्या दिवशी त्याला हसायला येत होते.

माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. डिप्लोमा करून तो डिचोलीकडच्या एका खाणीवर लागला. खाणी बंद पडल्यावर तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाला. तिथे कामगारांनी नव्या बॉयलरवर लिंबू-मिरची बांधली तेव्हा त्याने ती स्वतःच्या हाताने काढली आणि भर शिफ्टमध्ये सगळ्यांना उभे करून सुनावले की स्फोट लिंबाने थांबत नाही, व्हॉल्व्हने थांबतो. कामगारांना ते भाषण पाठ झाले होते. मागून ते त्याची नक्कल करीत, पण त्याच्या पाळीत कोणाचे बोटसुद्धा कापले गेले नाही, हेही तेच सांगत.

मग कारखान्याचे मालक बदलले. नव्यांनी सुरक्षेचे काम बाहेरच्या कंपनीला दिले आणि जयरामला शाल-नारळ देऊन घरी पाठवले. त्याच्या हाताखालचा प्रथमेश त्या बाहेरच्या कंपनीत चिकटला. पंधरवड्याने त्याचाच फोन आला, की सर, गेटवर सुपरवायझरची जागा आहे, तुमचे नाव सांगू काय? गेटवर म्हणजे ट्रक मोजायचे आणि प्रथमेश आत आला की उठून उभे राहायचे. जयरामने त्याला सांगितले की मी स्वतःचे काम सुरू करतोय. ते त्याने ठरवले होते असे नाही. फोनवर तोंडातून निघून गेले आणि मग पाटी करावी लागली.

तर आता त्याला गिऱ्हाईक हवे होते. एक मिळाले की दुसरे येते, हे त्याला माहीत होते. पहिलेच मिळत नव्हते. भर पावसाळ्यात तो पेडण्यापासून डिचोलीपर्यंत स्कूटरवरून फिरला. काजूचे कारखाने झाले, पाव भाजणाऱ्या पोदेरांच्या भट्ट्या झाल्या, रंगाची गोदामे झाली. सगळीकडे त्याला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, मिळाली, चहा मिळाला, आणि आमच्याकडे अजून काही झालेले नाही असे उत्तर मिळाले. घर बायकोच्या, शालिनीच्या, अंगणवाडीच्या पगारावर चालले होते. संध्याकाळी तिठ्यावर कोणी ना कोणी विचारी, मिळाला काय कोण? गणेश चवथीपर्यंत कोणी मिळाले नाही तर प्रथमेशला फोन करायचा, असे शालिनीने त्याच्याकडून कबूल करून घेतले होते.

आता इथे भवानीची गोष्ट सांगायला हवी. दुकान उघडले की पहिल्या गिऱ्हाइकाची विक्री ती भवानी, हे सगळीकडचेच. पण आमच्याकडे ती कोणाच्या हातची झाली याला वस्तूपेक्षा जास्त किंमत असते. चांगल्या हाताची झाली तर धंदा वर्षानुवर्षे चालतो, वाईट हाताची झाली तर पाटी उतरवायची तयारी ठेवावी. आणि तुयेत चांगला हात म्हणजे गोकुळदास शेट्ये. त्याचे वसाहतीत मासळीचे मोठे कोल्ड स्टोरेज, देवळाच्या कमिटीवर तो अध्यक्ष. गोकुळदासबाबने पहिला पेला घेतला ते रसपानगृह चालले, पहिली फेरी मारली ती टॅक्सी चालली, पहिला शर्ट शिवून घेतला तो शिंपी आता दुमजली घर बांधतोय. खरे पाहता ज्यांच्या पाठीशी आधीच पैसा आहे त्यांच्याच उद्घाटनाला गोकुळदास जात असे, पण हे कोणी बोलून दाखवत नव्हते.

पाटी लावली त्याच दिवशी शालिनीने सांगून टाकले होते की पहिले काम गोकुळदासबाबचेच व्हायला हवे. जयराम तिला हसला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो गोकुळदासकडेच गेला.

गोकुळदासने त्याला सगळे कोल्ड स्टोरेज फिरून दाखवले. जयराम दिसेल ते सांगत गेला आणि गोकुळदासचा मॅनेजर मान हलवीत राहिला. शेवटी गोकुळदास म्हणाला की काम तुलाच द्यायचे, पण चवथ होऊ दे, मग बघूया. गोव्यात ज्याला तोंडावर नाही म्हणायचे नसते त्याला आषाढ लागला की चवथीचा वायदा देतात. गणपती आले की वायदे सगळे एकदम विसर्जित होतात. हे जयरामलाही ठाऊक होते. तरी तो घरी येऊन शालिनीला म्हणाला की झाल्यासारखेच आहे.

आणि मग एका श्रावणी सोमवारी बाबली आला.

बाबली केरकर केरीचा. साठीच्या आसपासचा, हडकुळा, नेहमी कोणाची तरी माफी मागत असल्यासारखा बोलणारा. त्याने खाणीवर चालवायला ट्रक घेतला आणि खाणी बंद झाल्या. खाणी सगळ्या गोव्याच्या बंद झाल्या होत्या, हजारो ट्रक घरासमोर गंजत उभे होते, पण केरीत लोक म्हणाले की बाबलीने ट्रक घेतला ना, मग होणारच. त्याने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी झोपडी घातली, ती त्याच वर्षी समुद्राने नेली. बायको लवकर गेली. एवढ्यावर माणसाला पांढऱ्या पायाचा ठरवायला आपल्याकडे पुरेसे असते. लग्नाची खरेदी करायला निघालेली माणसे बाबली समोरून आला की चप्पल सुटल्याचे निमित्त करून थांबत. त्यालाही ते कळे. तो आपणच बाजूच्या गल्लीत वळे. हे तो इतक्या वर्षांत इतक्या सवयीने करायला लागला होता की बघणाऱ्याला वाटावे त्याचे घरच त्या गल्लीत आहे.

अलीकडे त्याने केरीतला एक जुना बर्फाचा कारखाना चालवायला घेतला होता. होड्यांना आणि मासळीच्या टेम्पोंना बर्फ पुरवायचा. तो आला तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत बर्फात घातलेले बांगडे. श्रावण सोमवारी, तळकरांच्या घरी. आपल्या हातून कसे सगळे चुकीच्याच वेळी होते हे बाबली स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध करत फिरायचा.

तो बाल्कांवाच्या कडेवर बसला, खुर्चीत बसला नाही. म्हणाला, "जयराम, माझ्या कारखान्यात एकदा येऊन बघ. मासेमारीची बंदी होती तवसर दोन म्हयने मशीन बंद होती. आता चालू केलंय तर मशीनच्या खोलयेत डोळे झोंबतत. मशीन चालवता तो कृष्णनाथ म्हणता, तेल काढूचो कॉक घट झालो हा. उघडलो तर बंद होणा नाय. तुझी फी काय ती सांग. फुकटचा माका लाभणा नाय."

महिनोन् महिने जयराम जे वाक्य ऐकायला तालुका पालथा घालत होता, ते हे. गिऱ्हाईक आपल्या पायाने घरी आले होते, काम काय ते सांगत होते आणि फी विचारत होते. आणि जयरामला ते कामही तिथल्या तिथे समजले होते. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा वायू फिरतो. यंत्राचे तेल त्यात मिसळून तळाला साठते, ते अधूनमधून कॉक, म्हणजे तोटी, उघडून काढावे लागते. तेल संपले की मागून वायू येतो, तेव्हा कॉक ताबडतोब बंद व्हायला हवा. तो झाला नाही तर खोलीतला माणूस चार श्वासही घेऊ शकत नाही. म्हणून तिथे हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा कॉक बसवतात. म्हापशात दुकानात मिळतो.

तेवढ्यात आतून शालिनीने हाक मारली की फोन आलाय. फोन वगैरे काही नव्हता. ती पडद्यामागे उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. दबलेल्या आवाजात ती म्हणाली, "पयली भवानी ह्येची? सगळो तालुको सोडून ह्योच गावलो? गोकुळदासबाबाक कळला तर तो आमची पायरी चढात काय?"

जयराम म्हणाला की मी असले काही मानत नाही. शालिनी म्हणाली, तुम्ही नका मानू, मी मानते. झाले. अशा माणसांना घरात एक बायको लागतेच, त्यांच्या वतीने मानायला. कारखान्यात लिंबू काढून फेकायला हे, आणि घरात लिंबू बांधायला ती. शालिनीचे मन मोडायला नको, असे मनाशी म्हणत जयराम बाहेर आला, आणि आपण हे शालिनीसाठी करतोय यावर त्याचा इतका पटकन विश्वास बसला की त्याचे त्यालाच बरे वाटले.

तो बाबलीला म्हणाला की सध्या हात बांधलेले आहेत, चवथ झाली की पहिला तुझ्याकडेच येतो. बाबलीने विचारले की त्याआधी अर्धा दिवस जमणार नाही काय. जयराम म्हणाला, नाही जमणार. समोर टेबलावर कागदाचा एक कपटाही नव्हता. बाबलीने ते पाहिले असणार. नाही ऐकायची त्याला सवय होती. त्याने फक्त विचारले, "तवसर आमी काय करू?"

हा प्रश्न जयरामच्या कानात पुढे किती वर्षे राहणार आहे कोण जाणे. उत्तर त्याच्या ओठावर होते. त्या कॉकला हात लावू नका, उद्या म्हापशाहून दुसरा आणा, तो बसेपर्यंत कृष्णनाथला खोलीत एकटा सोडू नका. एवढेच. पण बाबलीसारखा माणूस सल्ला घेऊन तसाच उठला नसता. फुकटचे लाभत नाही म्हणणारा माणूस, त्याने काही ना काही टेबलावर ठेवलेच असते, आणि ती भवानी झाली असती. पडदा अजून हलत होता.

"सांभाळून करा," जयराम म्हणाला.

बाबलीने मान हलवली आणि पिशवी पुढे केली. आज सोमवार आहे, असे शालिनीने दारातूनच सांगितले. बाबली ओशाळला, माफ करा म्हणाला आणि बांगडे घेऊन परत गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर शालिनीने बाल्कांवावर पाणी शिंपडले. जयराम तिकडे पाठ करून मोबाइल बघत बसला.

पुढच्या दिवसांत त्याला तो कॉक आठवत नव्हता असे नाही. दात घासताना आठवला. जेवताना आठवला. एकदा त्याने बाबलीचा नंबर काढून फोन लावलाही, आणि पहिली रिंग जायच्या आत बंद केला. मग स्वतःला समजावले की इतकी वर्षे चालते आहे ते आणखी दहा-पंधरा दिवस चालेल. लोक बेफिकीर असतात म्हणून अपघात होतात, असे तो भाषणात सांगायचा. बेफिकीर माणूस निदान झोपतो तरी. ज्याला नेमके ठाऊक आहे आणि जो तोंड मिटून बसला आहे, त्याला काय म्हणायचे? एका फोनला लागते किती? मला जयरामचा राग येतो तो इथे. त्याने बाबलीला पांढऱ्या पायाचा मानले याचा तेवढा येत नाही, सारे गावच मानत होते. त्याने मानले नव्हते आणि तरी तसा वागला, याचा येतो.

कृष्णनाथ पलीकडचा, रेडीचा. सकाळी तेरेखोलच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. चवथ जवळ आली, होड्या जोरात होत्या, बर्फाला मागणी होती आणि यंत्र गरम होत होते. त्या दिवशी सकाळी त्याने तेल काढायला कॉक उघडला. तेल संपले, वायू आला, आणि कॉक फिरेना. तो दाराजवळच होता. पळाला असता तर वाचला असता. पण शेजारच्या खोलीत बायका बर्फ फोडत होत्या. त्याने तोंडावर टॉवेल बांधला आणि दोन्ही हातांनी कॉक आवळत राहिला. बायका खोकत, पडत, एकमेकींना ओढत बाहेर निघाल्या. कृष्णनाथ निघाला नाही. अग्निशामक दलाच्या माणसांनी त्याला बाहेर काढले तेव्हा त्याची बोटे कॉकवरून सोडवून घ्यावी लागली.

जयराम तेव्हा पेडण्याच्या बाजारात माटोळीचे सामान घेत होता. गणपतीवर बांधायची रानफळे त्याच्या पिशवीत होती. कोणीतरी मोबाइलवर केरीचा व्हिडिओ दाखवला. पांढरा धूर आणि धावणारी माणसे. तो स्कूटर घेऊन निघाला. कशाला निघाला, ते त्यालाही सांगता आले नसते.

केरीला सुरूच्या झाडांपर्यंत वास पोहोचला होता. पोलिसांनी घरे रिकामी करवली होती. पर्यटक लांबून फोटो काढत होते. बाबली फेरीच्या धक्क्यावर, माणसांपासून दूर, अनवाणी बसला होता. त्याच्याजवळ कोणीही गेले नव्हते. जयरामही गेला नाही. तो झाडाला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात पलीकडून फेरीबोट आली. तिच्यातून सर्वांत आधी एक बाई उतरली, चिखलात पाय टाकत, पदर सावरत. ती कृष्णनाथची बायको शांता. तिला कोणीतरी एवढेच सांगितले होते की कारखान्यात काहीतरी झाले आहे. धक्क्यावरच्या सगळ्या माणसांत इस्त्रीचा शर्ट घातलेला एकटा जयराम. हा कोणी साहेब असणार असे तिला वाटले आणि ती सरळ त्याच्याकडे आली.

"माझो घोव खय असा?" तिने विचारले.

जयरामने रुग्णवाहिकेकडे बोट दाखवले. रुग्णवाहिकेचे दार बंद होते आणि तिला कसलीच घाई नव्हती. शांताने ते पाहिले, आणि मग तिच्या तोंडून जे निघाले ते ऐकून मोबाइल धरलेल्या पर्यटकांनीसुद्धा हात खाली केले. जयराम पिशवी झाडाखाली विसरून घरी आला.

आता कोणाला वाटेल की गावाने जयरामला जाब विचारला असेल. गावाने त्याची वाहवा केली. बाबली त्याच्याकडे आला होता आणि त्याने काम नाकारले होते, ही गोष्ट शालिनीने अंगणवाडीत सांगितली आणि संध्याकाळपर्यंत ती तिठ्यावर पोहोचली. लोकांना त्यात शहाणपणा दिसला. एकजण म्हणाला की जयरामने जागा न बघताच ओळखले. दुसरा म्हणाला, शिकलेला माणूस, त्याला आधी वास लागतो. चंद्रावतीकाकीने येऊन त्याच्यावरून मीठ ओवाळून टाकले. एवढ्या मोठ्या संकटातून वाचलास, म्हणाली. जयराम मान खाली घालून बसला होता आणि लोकांना तो विनय वाटला.

बाबलीला पोलिसांनी नेले आणि जामिनावर सोडले. कारखान्याला टाळे लागले. शांताला तिच्या सासरच्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवले म्हणे, की लग्न करून तू आलीस आणि आमच्या मुलाला हे काम लागले. म्हणजे पांढऱ्या पायाचे आणखी एक माणूस तयार झाले. ही गोष्ट कोणाच्या दारात कुठे संपते, ते कोणी बघायला जात नाही.

आणि मग फोन वाजू लागला. सरकारी माणसे वसाहतींतून फिरू लागली, जिथे जिथे अमोनिया तिथे तिथे तपासणी मागू लागली. महिनोन् महिने नुसता चहा पाजणारे आता स्वतः बोलावू लागले. पहिला फोन गोकुळदासचा. चवथ झाली, आता थांबायला नको, उद्याच ये, असे तो म्हणाला. दुसरा प्रथमेशचा. सर, आमच्या कंपनीला तुमच्यासारखा माणूस हवा आहे, वाटल्यास तुमच्या हाताखाली काम करतो. शालिनीने देवाजवळ दिवा लावला. पहिले काम गोकुळदासबाबचेच झाले, अगदी तिला हवे होते तसे. तिने जयरामला नवा शर्ट काढून दिला आणि तो घालताना जयरामने आरशात बघणे टाळले, एवढे मात्र खरे.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने गोकुळदासच्या मॅनेजरला फोन केला. तेल काढायचा तुमचा कॉक कसला आहे, असे विचारले. मॅनेजरने बघून सांगितले की जुनाच, घट्ट फिरतो. जयराम म्हणाला की उद्या मी यायच्या आत म्हापशाहून स्प्रिंगचा आणून बसवा. मॅनेजर बरे म्हणाला. चहा निवायच्या आत बोलणे संपले होते. जयरामने फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसला.

सकाळी तो वसाहतीत पोहोचला तेव्हा गोकुळदासने मशीनच्या खोलीसमोर उदबत्ती लावून ठेवली होती. पहिल्या कामाचा नारळ फोडायचा होता. नवा कॉक बसला होता, पितळेचा, चकचकीत. मॅनेजर, फिटर, दोन बायका, सगळे चपला काढून उभे होते. एवढ्यात रखवालदार येऊन म्हणाला की साहेब, तुम्हाला कोणीतरी भेटायला आलेय, आत या म्हटले तर येत नाही.

गेटबाहेर बाबली उभा होता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, उन्हात, म्हणजे त्याची सावलीसुद्धा गेटवर पडू नये अशा बेताने. आणखी वाळला होता. जयराम रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेला. त्याला वाटले, हा आता मला विचारणार. आणि खरे सांगायचे तर त्या घडीला त्याला बाबलीने विचारावे असेच वाटत होते. शिवी द्यावी, शर्टाला धरावे.

बाबली म्हणाला, "मी आत येणय नाय. तुझा शुभकाम असा. येक सांगूक इलंय. त्या दिसा तू इलंस नाय, ता बरा झाला. तुझा पयलाच काम होता. माझ्या पायान तुझाय नाव गेला असता. कृष्णनाथ गेलो, तो माझ्यामुळे. तुका काय झाला नाय, येवढाच माझ्या जिवाक बरा वाटता."

हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते, एक माणूस आपल्यापासून वाचल्याचे.

जयरामला सगळे सांगून टाकावेसे वाटले. पायाचा काही संबंध नाही, बाबलीदा. कॉकचा होता. मी आलो असतो तर कृष्णनाथ त्या संध्याकाळच्या फेरीने घरी गेला असता. हे म्हटले असते तर या माणसाने उभ्या जन्माचे जे ओझे खरे मानून वाहिले होते ते निदान एका माणसाच्या तोंडून खोटे ठरले असते. पण मग पुढचे वाक्य आले असते, की तू का आला नाहीस. आणि मागे गेटच्या आत गोकुळदास नारळ हातात घेऊन इकडे बघत होता.

"होय," जयराम म्हणाला. "येकेकाचा नशीब."

बाबलीने मान हलवली. हे त्याला आजवर अडाणी माणसांनी सांगितले होते. आज एका जाणत्या माणसाने सांगितले. आता त्यात शंकेला जागा राहिली नाही. तो वळला आणि रस्त्याच्या कडेकडेने, समोरून येणाऱ्या टेम्पोला आधीच वाट देत, निघून गेला.

जयराम परत आत आला. गोकुळदासने विचारले, कोण होता रे तो?

"कोण नाय," जयराम म्हणाला, आणि नारळ घ्यायला हात पुढे केला.